पावसाळ्यात गाडी दरवर्षी त्याच वळणावर का अडते? घरच्या मॉडेल रेल्वेच्या हट्टी बिघाडाचा शोध

मे महिन्यात गाडी छान फिरते. जूनअखेर पहिलं वादळ होऊन जातं, दोन-तीन जोराचे पाऊस पडतात आणि एका ठरावीक वळणावर इंजिन दचकायला लागतं. दिवा मिणमिणतो, मग गाडी थांबते. बोटाने हलकं ढकललं की पुढे जाते. रूळ पुसले की चार दिवस बरे जातात, पाचव्या दिवशी पुन्हा तिथेच. दिवाळीच्या सुमारास काहीही न करता सगळं सुधारतं. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच वळणाजवळ डबे रुळावरून उतरू लागतात.

बडोद्यासारख्या हवेत ज्यांनी घरी मॉडेल रेल्वे मांडली आहे त्यांना हे चक्र पाठ असेल. बहुतेक जण इंजिन उघडतात, मोटरचे ब्रश तपासतात, चाकं घासतात, शेवटी नवा डिकोडर, म्हणजे इंजिनातलं डिजिटल आज्ञा वाचणारं सर्किट, मागवतात. इंजिनात दोष असता तर ते सगळीकडे अडलं असतं. ठरावीक जागी, ठरावीक ऋतूत अडतं म्हणजे दोष खाली आहे: रुळांच्या जोडात, आणि त्या जोडाला हलवणाऱ्या लाकडात. हे एकदा पटलं की दुरुस्ती टिकाऊ होते. नाहीतर दर जुलैला रूळ पुसत बसावं लागतं.

माझी मांडणी बडोद्याजवळच्या डभोईवर बेतलेली आहे. खंडेराव महाराज गायकवाडांच्या काळात, 1862 मध्ये, डभोई-मियागाम ही अडीच फुटी नॅरोगेज (दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, 762 मिलिमीटर) सुरू झाली तेव्हा गाडी बैल ओढत असत. पुढे डभोईतून चहूकडे फाटे गेले. आता तिथे ब्रॉडगेज आहे. जानेवारी 2021 पासून प्रतापनगर-डभोईमार्गे केवडियाला मोठ्या गाड्या जातात. जुनी डभोई पाहायची तर ती आता बांधावीच लागते, आणि मला ती बांधायची आहे. 1:87 प्रमाणात 762 मिलिमीटरचं गेज पावणेनऊ मिलिमीटरच्या जवळ येतं, आणि एन गेज या लहान प्रमाणाच्या मॉडेलचा 9 मिलिमीटरचा रूळ तयार मिळतो. नॅरोगेजवाल्यांचं हे मोठंच भाग्य. मियागामची ब्रॉडगेज दाखवायला जाल तर 1676 भागिले 87 म्हणजे 19 मिलिमीटरच्या वर हवं, आणि बाजारातला एचओ (म्हणजे 1:87 प्रमाणाचा) रूळ 16.5 चा असतो. तिथे मन घट्ट करावं लागतं.

या गेजचा बिघाडाशी थेट संबंध आहे. ही इंजिनं लहान आणि हलकी असतात. वीज घेणारी चाकं मोजकी, त्यांच्यातलं अंतर कमी, वजन इतकं कमी की चाक रुळावर नीट दाबलंही जात नाही. मोठ्या एचओ इंजिनाला ज्या जोडाचा पत्ताही लागत नाही, तिथे हे थबकतं. म्हणून नॅरोगेजचा रूळ मोठ्या गेजपेक्षा जास्त काटेकोर टाकावा लागतो.

आधी मोजा, मग पुसा

बिघाड शोधताना साधारणपणे मल्टिमीटर रुळांना लावतात, पूर्ण व्होल्टेज दिसतं आणि "वीज तर येतेय" असा निष्कर्ष निघतो. इथे फसगत होते. मल्टिमीटर जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही, त्यामुळे गंजलेल्या, ढिल्या जोडातूनही तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. इंजिन प्रवाह ओढायला लागलं की त्याच जोडात व्होल्टेज पडतं. म्हणून मोजताना भार असायलाच हवा.

दुचाकीच्या इंडिकेटरचा 12 व्होल्ट 10 वॅटचा बल्ब घ्या आणि त्याला दोन वायरी सोल्डर करा. तो साधारण 0.8 अँपिअर ओढतो. कंट्रोलर लहान असेल तर 5 वॅटचा घ्या. हा बल्ब अडणाऱ्या जागेच्या जरा पुढे, दोन्ही रुळांना जोडून पेटता ठेवा. मग मल्टिमीटरची एक टोकणी जोडाच्या अलीकडे आणि दुसरी पलीकडे, एकाच रुळावर टेकवा. जोड चांगला असेल तर काही मिलिव्होल्ट दिसतील. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर चोर सापडला. मग दुसऱ्या रुळावर हेच करा. डीसीसी, म्हणजे रुळांतूनच इंजिनाला डिजिटल आज्ञा पाठवण्याची पद्धत, वापरत असाल तर मीटर एसीवर ठेवा. साधा मीटर त्या लहरीचा खरा आकडा सांगेलच असं नाही, पण चांगला जोड आणि वाईट जोड यांतला फरक त्यावर स्पष्ट कळतो.

डीसीसीवाल्यांसाठी याहून सोपी परीक्षा आहे. रुपयाचं नाणं दोन्ही रुळांवर आडवं ठेवायचं. कमांड स्टेशनने, म्हणजे डीसीसीच्या मुख्य कंट्रोलरने, लगेच शॉर्ट ओळखून वीज तोडली पाहिजे. दर हातभर अंतरावर हे करून पाहा. जिथे नाणं ठेवूनही वीज तुटत नाही तिथपर्यंतच्या मार्गात अडथळा जास्त आहे. अशी जागा धोक्याची असते, कारण डबा घसरून तिथे खरोखर शॉर्ट झालं तर वीज तुटणार नाही आणि चाक, रूळ, स्लीपर तापून वितळू शकतात. ही जागा दुरुस्त झाल्याशिवाय गाडी चालवू नका.

लाकूड काय करतं

रूळ उन्हाने वाढतात हे सगळ्यांना माहीत असतं. हिशेब मात्र कुणी करत नाही. आपले रूळ निकेल सिल्व्हरचे, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्ताच्या मिश्रधातूचे असतात. बडोद्यात जानेवारीची पहाट आणि मेची दुपार यांत 30 अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्यात एक मीटर रूळ साधारण अर्धा मिलिमीटर वाढतो. याउलट प्लायवुड कोरड्या हवेतून ओल्या हवेत आलं की मीटरमागे एखादा मिलिमीटर, कधी त्याहून जास्त सरकतं. भरीव लाकूड लांबीत फारसं हलत नाही, पण रेषांच्या आडव्या दिशेने बरंच फुगतं. म्हणजे आपल्या घरातला मोठा खेळ तापमानाचा नसून दमटपणाचा आहे.

आता वरचं चक्र जुळवून पाहा. पावसाळ्यात तळ फुगतो, रुळांमधल्या फटी रुंदावतात. दोन रुळांची टोकं जोडणारी फिशप्लेट बाहेर ओढली जाते, तिची पकड सैल पडते आणि ओल्या हवेत आत काळा थर धरतो. इंजिन अडतं. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की तळ आकसतो, फटी मिटतात, फिशप्लेट पुन्हा घट्ट बसते आणि गाडी चालायला लागते. पुढे फेब्रुवारी-मार्चपर्यंत लाकूड पुरतं सुकून आणखी आकसतं, त्यात दुपारी रूळही तापून लांबतात. त्यांना जायला जागा नसते, मग ते वळणावर बाहेर फुगतात किंवा जोडाशी कोन धरतात आणि डबे उतरतात. जुलैचा बिघाड आणि मार्चचा बिघाड एकच आहे.

उपाय दोन ठिकाणी करायचा, लाकडात आणि जोडात.

लाकडात: प्लायवुड घेताना दुकानदाराला आयएस 710 चं मागा. ते मरीन दर्जाचं असतं. आयएस 303 चं एमआर ग्रेड स्वस्त पडतं आणि फर्निचरला चालतं, पण गळक्या खोलीत ते टिकेल असा भरवसा मी देणार नाही. आणि कुठलंही आणलंत तरी वरून, खालून आणि चारही कडांना रंग किंवा सीलर लावा. कडा सगळ्यात महत्त्वाच्या, कारण पाणी तिथूनच आत शिरतं. वरची बाजू हिरवी रंगवून खालची कोरी सोडलेली फळी हमखास वाकते. एका बाजूने ओल पिते, दुसऱ्या बाजूने पीत नाही. हे काम कोरड्या दिवसांत, लाकूड सुकं असताना करा. ऑगस्टमध्ये ओली फळी रंगवली तर ओल आतच कोंडते. आधीच मांडणी तयार असेल तरी मार्चमध्ये खाली झोपून तळाची बाजू रंगवता येते. तेवढ्याने बराच फरक पडतो.

जोडात: वळणावरचे जोड सोल्डर करून टाका, तेही रूळ सरळ असताना, नंतर वळवा, म्हणजे कोन पडत नाही. सरळ मार्गावरचे जोड सोल्डर करू नका. तिथे अर्धा ते एक मिलिमीटर फट ठेवा, लाकडाला हलायला तीच जागा आहे. फट किती ठेवायची ते रूळ टाकण्याच्या दिवसावर ठरतं. कोरड्या दिवसांत टाकत असाल तर लाकूड आधीच आकसलेलं असतं, अर्ध्या मिलिमीटरने भागतं. पावसाळ्यात टाकत असाल तर फट मोठी ठेवा, पुढे ती मिटणार आहे.

आणि मुख्य गोष्ट: फिशप्लेटच्या भरवशावर वीज कधीच सोडू नका. ती रूळ एका रेषेत ठेवण्यासाठी आहे. दोन जोडांमधल्या प्रत्येक तुकड्याला, तो कितीही लहान असो, खालून स्वतःची वायर द्या. मांडणीखाली 1.5 चौरस मिलिमीटरच्या दोन जाड वायरी, लाल आणि काळी, आणि त्यांतून प्रत्येक रुळाला बारीक फाटा. कंटाळवाणं काम आहे. सोल्डरिंगने स्लीपर वितळतात, मान दुखते. पण या लेखातलं एकच काम करायचं असेल तर हे करा. फट मिलिमीटरभर उघडली तरी मग इंजिनाला कळत नाही.

सांधे

सांध्यांवर, म्हणजे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळते त्या जागी, गाडी अडत असेल तर दोन शक्यता. सरकणारं पातं बाजूच्या रुळाला पूर्ण टेकत नाही, आणि वीज त्या टेकण्यातूनच जात असते. इंजिन उभं असताना टूथपिकने पातं हलकं दाबा. इंजिन चाललं तर कारण तेच. किंवा क्रॉसिंगचा (जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथला) तुकडा प्लास्टिकचा आहे आणि छोट्या इंजिनाची वीज घेणारी सगळी चाकं एकाच वेळी मृत जागेवर येतात. धातूच्या क्रॉसिंगचे सांधे घेऊन त्याला मायक्रोस्विचमधून वीज देणं हा कायमचा इलाज. वीज क्षणभर तुटली तरी इंजिन चालू ठेवणारे, इंजिनात बसवायचे स्टे-अलाइव्ह कॅपॅसिटर उपयोगी आहेत, मीही वापरतो, पण नॅरोगेज इंजिनात जागा नसल्याने ते मागच्या डब्यात बसवावे लागतात. आणि खालचा रोग त्यांनी झाकला जातो. आधी रूळ दुरुस्त करा, मग ते बसवा.

पुसायचं तर कसं

सँडपेपर नको. ओरखड्यांत मळ जास्त घट्ट बसतो. काळा थर साचलेला असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने सुती कापडावर काढा, आणि शेवटचा हात मिनरल टर्पेंटाइनचा फिरवून कोरड्या कापडाने पुसा. टर्पेंटाइननंतर रूळ जास्त दिवस स्वच्छ राहतात असा माझा अनुभव आहे. खिडक्या उघड्या ठेवा आणि वीज बंद करा. दोन्ही द्रव पेट घेतात. चाकंही त्याच वेळी पुसा. रूळ स्वच्छ आणि चाकं मळकी असतील तर एका फेरीत सगळं पूर्ववत.

स्टेशनच्या आवारात ओरसंगची किंवा नर्मदेची वाळू पसरणार असाल, आणि डभोईसाठी तिच्याइतकी शोभणारी दुसरी नाही, तर आधी ती चाळून तिच्यातून लोहचुंबक फिरवा. नदीच्या वाळूत काळे लोहकण असतात. ते मोटरच्या चुंबकाला चिकटतात आणि इंजिन आतून घासत राहतं. जमिनीसाठी वापरलेली चहापूड, भुसा, डाळींचा चुरा टाळा. पावसाळ्यात बुरशी येते आणि उंदीर येतात, आणि उंदीर एकदा आले की वायरींनाही सोडत नाहीत. पातळ गोंद सोडून खडी चिकटवण्याचं काम जून-सप्टेंबरमध्ये काढू नका, दिवसेंदिवस सुकत नाही. नवरात्रानंतरचे कोरडे दिवस त्याला उत्तम.

वादळ आणि वीज

इथे जरा थांबून वाचा, कारण रूळ पुन्हा टाकता येतात, जळलेला कमांड स्टेशन परत येत नाही.

वादळाची चाहूल लागली की बटण बंद करून भागत नाही, प्लग भिंतीतून काढा. मांडणी संगणकाला जोडलेली असेल तर ती वायर आणि राउटरची वायरही काढा. वीज कोसळल्याचा धक्का त्या वाटेनेही येतो. सर्ज प्रोटेक्टर जरूर लावा, पण त्याला अर्थिंग लागतं. जुन्या घरात तिसरं भोक कित्येकदा नुसतं शोभेचं असतं. वायरमनकडून एकदा तपासून घ्या.

त्याहून मोठा आणि कमी लोकांना माहीत असलेला धोका न्यूट्रल तुटण्याचा आहे. मे 2021 मधल्या तौक्तेसारख्या वादळात फांद्या तारांवर पडतात. तीन फेजच्या लाइनचा न्यूट्रल तुटला की घरातल्या 230 व्होल्टच्या सॉकेटमध्ये व्होल्टेज 400 च्या दिशेने चढू शकतं, आणि तेही क्षणभर नव्हे, कुणी बंद करेपर्यंत. सर्ज प्रोटेक्टर क्षणिक धक्क्यासाठी असतो; इतका वेळ चढलेल्या व्होल्टेजपुढे तो स्वतःच जळतो. यासाठी जास्त-कमी व्होल्टेजला लाइन तोडणारं आणि वीज आल्यावर थोडा वेळ थांबूनच जोडणारं उपकरण मिळतं, फ्रीजच्या स्टॅबिलायझरमध्ये असते तशी सोय. ते बोर्डावर बसवून घ्या. मॉडेल रेल्वेच्या निमित्ताने घरातली बाकीची उपकरणंही वाचतील, आणि घरातल्या मंडळींना हा खर्च पटवायला हे कारण पुरतं.

वीज गेली की कंट्रोलरची खुंटी शून्यावर आणायची सवय लावा. नाहीतर वीज येताच रिकाम्या खोलीत इंजिन भरधाव सुटतं आणि टेबलाच्या कडेवरून खाली जातं.

घराच्या अडचणी

छत गळतं. आत्याकडची मंडळी लग्नासाठी राहायला येतात. दिवाळीची साफसफाई निघते. "अरे, त्या खोलीत गाद्या घालायच्यात, तुझी डभोई उचल," असं आई म्हणाली की ती उचलावीच लागते, आणि घर घरातल्या माणसांसाठी आहे हे योग्यच आहे. जी मांडणी उचलता येत नाही ती घरात टिकत नाही.

म्हणून पहिल्या दिवसापासून तुकड्यांत बांधा. चार फूट लांब आणि दीड फूट रुंद फळी एका माणसाला उचलता येते आणि दारातून आडवी न करता जाते. दोन फळ्या जुळवायला नुसते क्लॅम्प पुरत नाहीत. पक्क्या जागी बसणाऱ्या लाकडी किंवा पितळी खुंट्या आणि बोल्ट हवेत. फळीच्या कडेला येणारी रुळांची टोकं सगळ्यात आधी मोडतात. तिथे स्लीपर काढून दोन पितळी स्क्रू फळीत बसवा आणि रूळ त्यांच्या डोक्यांवर सोल्डर करा, मग धक्का लागला तरी हलत नाहीत. प्रत्येक फळीच्या वायरींना आपला प्लग द्या आणि रंगांचा क्रम एका कागदावर लिहून फळीखालीच चिकटवा. आठ महिन्यांनी पुन्हा जोडताना तो कागद लागतोच.

उचललेल्या फळ्या खाटेखाली किंवा जमिनीवर ठेवू नका. 31 जुलै 2019 ला बडोद्यात एका दिवसात सुमारे 20 इंच पाऊस झाला. ऑगस्ट 2024 मध्ये, धोक्याची पातळी 25 फूट असताना, विश्वामित्री 37 फुटांपर्यंत चढली. नदीकाठच्या वस्त्यांत तळमजल्याची घरं पाण्याखाली गेली. भिंतीला कंसाचे आधार ठोकून फळ्या कमरेच्या वर, आडव्या ठेवा. उभ्या ठेवलेल्या फळ्या वाकतात. आणि भिंतीला चिकटवू नका, ओल आणि वाळवी तिथूनच चढते. इंजिनं झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. डांबरगोळ्या त्या डब्यात नकोत, त्यांच्या वाफेने गाडीचे प्लास्टिकचे भाग मऊ पडू शकतात.

तरीही पाणी चढलंच तर घाईने काही चालू करून पाहू नका. पुराच्या पाण्यात गाळ आणि सांडपाणी असतं. ते सुकलं की सर्किटवर क्षार आणि चिखल राहतो आणि वीज लावताच जळतं. गाळ ओला असतानाच स्वच्छ पाण्याने धुवा. इंजिनाचं वरचं कवच काढा, डिकोडर सुटा करा, सर्किटवरून अल्कोहोल फिरवा आणि पंख्याच्या वाऱ्यात काही दिवस राहू द्या. गिअरना नंतर नवं वंगण लागेल, जुनं धुऊन गेलेलं असतं. कमांड स्टेशन आणि अडॅप्टर भिजले असतील तर उघडून तपासून घेतल्याशिवाय भिंतीला लावू नका. भिजलेली फळी उन्हात टाकली तर वरची बाजू आधी सुकते आणि फळी वाटीसारखी वळते. सावलीत, दोन्ही बाजूंनी वारा लागेल अशी, खाली ठोकळे आणि वर वजन ठेवून सुकवा. साध्या पांढऱ्या गोंदाने बसवलेले रूळ सुटून आलेले असतील. ते ओढू नका, हाताने उचलले जातात आणि पुन्हा वापरता येतात. फळी पुरती सुकली आहे याची खात्री झाल्यावरच ते परत बसवा, प्रत्येक तुकड्याला नवी वायर द्या, आणि गाडी सोडण्याआधी बल्ब आणि नाणं घेऊन पहिल्या जोडापासून पुन्हा मोजत जा.